आर्केड कार्ट्रिजावरील लेबल : मूळ आणि बदली

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ-खेळांच्या यंत्रांतील कार्ट्रिजे आज संग्राह्य वस्तू म्हणून खरेदी-विक्रीत आली आहेत. अशा कार्ट्रिजाचे वर्णन करताना विक्रेता व ग्राहक या दोघांच्याही तोंडी एक प्रश्न हटकून येतो : वरचे लेबल मूळचे आहे की मागाहून लावलेले? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. प्लॅस्टिकच्या डबीवरील कागदाचा एक तुकडा, तो जुना की नवा, एवढीच त्याची व्याप्ती वाटते. परंतु लेबल नेमके कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे नीट न ठरविल्यामुळे संग्राहकांच्या व्यवहारात आणि क्वचित संग्रहालयांच्या नोंदींतही बराच गोंधळ माजलेला आढळतो. जुने फाटके लेबल खरवडून त्या जागी नवे चिकटविणे ही या क्षेत्रात सर्रास चालणारी गोष्ट आहे, आणि ती करणाऱ्यास आपण काय नाहीसे करीत आहोत याची जाणीव बहुधा नसते. म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करण्याचे येथे योजिले आहे.

उदाहरणादाखल एस.एन.के. या जपानी कंपनीची निओ-जिओ पद्धती घेऊ. १९७८ साली स्थापन झालेल्या, ओसाका परिसरातील या कंपनीने १९९० साली ही पद्धती दोन रूपांत बाजारात आणली. खेळघरांत ठेवावयाच्या यंत्रांसाठी एम.व्ही.एस. आणि घरगुती वापरासाठी ए.ई.एस. तत्पूर्वी यंत्रातील खेळ बदलावयाचा म्हणजे बहुधा आतील संपूर्ण सर्किट बोर्ड काढून दुसरा बसवावा लागे. एम.व्ही.एस.मध्ये मूळ बोर्ड कायम राहून केवळ कार्ट्रिज बदलले की काम भागे. यंत्राच्या प्रकारानुसार एक, दोन, चार किंवा सहा खाचा असत, आणि तितके खेळ एकाच पेटीत राहत. दुकानदाराच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. या पद्धतीसाठी अधिकृत खेळ २००४ सालापर्यंत निघत राहिले, म्हणजे मूळ कंपनीचे २००१ साली दिवाळे निघाल्यानंतरही. एका यंत्रपद्धतीच्या मानाने हे आयुष्य दीर्घच म्हटले पाहिजे.

या व्यवस्थेतील एक गोष्ट लेबलाच्या दृष्टीने निर्णायक आहे. कार्ट्रिज यंत्राच्या पोटात, कुलुपाआड असे. नाणे टाकणाऱ्या खेळाडूने ते कधी पाहिलेच नाही. त्याला दिसत असे तो पडदा, आणि पडद्याच्या वरच्या बाजूस दिव्याने उजळलेली, खेळांची नावे दाखविणारी छोटी चित्रपत्रे. ही चित्रपत्रे कार्ट्रिजाबरोबर संचात येत आणि खेळाडूला आकर्षून घेण्याचे काम त्यांच्याकडे असे. कार्ट्रिजावरील लेबल हे मात्र यंत्रमालकासाठी आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरासाठी होते. दहा कार्ट्रिजांच्या ढिगातून हवे ते उचलता यावे, एवढाच त्याचा उपयोग. आपल्याकडे १९९० नंतरच्या काळात गल्लोगल्लीच्या व्हिडिओ-पार्लरमध्ये गेलेल्या वाचकांस याची साक्ष पटेल. कॅपकॉम कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३) हा खेळ आपल्याकडे ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला गेला. तो खेळ कार्ट्रिजावरचा नव्हता, बोर्डावरचा होता. परंतु मुद्दा तोच आहे. नाव आले ते पडद्यावरील एका पात्रावरून. आतल्या वस्तूवर काय लिहिले आहे याच्याशी खेळणाऱ्याला काही कर्तव्य नव्हते.

घरगुती कार्ट्रिजाची गोष्ट वेगळी. ते दुकानाच्या फळीवर मांडले जाई, मुलाच्या हाती पडे, घरी जपून ठेवले जाई. त्याचे लेबल दर्शनी होते आणि स्वच्छ राहावे अशीच अपेक्षा होती. आजचा संग्राहक आर्केड कार्ट्रिजाकडे पाहताना नकळत हाच घरगुती मापदंड लावतो. शाईने टाकलेला तारखेचा शेरा, दुकानाचा शिक्का, धुळीने काळवंडलेली कड, खेळाच्या नावावर मारलेली रेघ हे सारे त्याला व्यंग वाटते. वस्तुतः आर्केड कार्ट्रिज हे व्यवसायाचे हत्यार होते. हत्याराच्या मुठीवरची झीज हे ज्या अर्थाने व्यंग असते त्याच अर्थाने हे व्यंग आहे, अधिक नाही.

आता पुराव्याकडे वळू. लेबल हा कार्ट्रिजातील खेळाचा पुरावा आहे काय? फार दुबळा. आतल्या खेळाची साक्ष देणारी याहून कितीतरी भक्कम साधने कवच उघडताच समोर येतात. एम.व्ही.एस. कार्ट्रिजात दोन सर्किट बोर्ड असतात. एकावर ‘प्रोग’ आणि दुसऱ्यावर ‘चा’ अशी इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिल्यावर खेळाची आज्ञावली व ध्वनिनमुने यांच्या चिपा असतात. दुसऱ्यावर हलती चित्रे, पडद्यावरची स्थिर अक्षरे आणि ध्वनियंत्रणेची आज्ञावली यांच्या. एस.एन.के.ने प्रत्येक खेळास एक क्रमांक दिला होता, आणि कारखान्यात तयार झालेल्या चिपांवर तो छापलेला आढळतो. ‘मेटल स्लग’ (१९९६) या खेळाचा क्रमांक २०१. तेव्हा त्याच्या चिपांवर २०१ हा आकडा व पुढे चिपेचे कार्य दर्शविणारे अक्षर असावयास हवे. हाच क्रमांक आज्ञावलीच्या आरंभीच्या भागातही नोंदलेला असतो. यापलीकडे खात्री हवी असल्यास चिपांतील मजकूर यंत्राने वाचून, १९९७ पासून वाढत आलेल्या ‘मेम’ या प्रकल्पात नोंदलेल्या संख्यांशी ताडून पाहता येतो. एवढी साधने हाताशी असता खेळाची ओळख लेबलावरून ठरविणे म्हणजे ग्रंथ न उघडता पुठ्ठ्यावरून त्याचा पाठ ठरविण्यासारखे होय.

येथपर्यंत कोणी म्हणेल की, मग लेबल जुने असो वा नवे, बिघडले कोठे? याचे उत्तर एम.व्ही.एस. पद्धतीच्या रचनेतच आहे, आणि ते सहसा कोणी लक्षात घेत नाही. या पद्धतीत खेळ कोणत्या देशासाठी आहे हे कार्ट्रिज ठरवीत नाही. ते यंत्राच्या मूळ बोर्डावरील एक चिप ठरविते. एकच कार्ट्रिज जपानी यंत्रात घातले तर पडद्यावर ‘सामुराई स्पिरिट्स’ असे नाव उमटते, आणि अमेरिकी यंत्रात घातले तर ‘सामुराई शोडाऊन’. जपानात ‘गारो देन्सेत्सु’ म्हणून ओळखला जाणारा खेळ अमेरिकी यंत्रात ‘फेटल फ्युरी’ होतो. आतील चिपांत दोन्ही नावे, दोन्ही भाषा एकत्रच असतात. याचा अर्थ असा की, अमुक कार्ट्रिज जपानी बाजारासाठी निघाले की अमेरिकी, हा प्रश्न चिपांना विचारून उपयोग नाही. संच सुटा झाला, खोका हरवला, चित्रपत्रे वेगळी झाली, म्हणजे हे सांगणारा साक्षीदार बहुधा एकच उरतो, आणि तो म्हणजे लेबल. काही अमेरिकी संचांत कार्ट्रिजावर व खोक्यावर जुळणारा अनुक्रमांक आढळतो. तोही चिकटविलेल्या कागदावरच असतो.

तेव्हा स्थिती मोठी चमत्कारिक आहे. ज्या गोष्टीसाठी लोक लेबलावर विसंबतात, म्हणजे आतील खेळाची ओळख, तिच्याबाबत लेबलाची साक्ष जवळजवळ कुचकामी आहे. ज्या गोष्टीबाबत ती एकमेव आहे, म्हणजे वस्तू कोठून आली व कोठे वापरली गेली, तिची मात्र संग्राहकाला पर्वा नसते. जपानी बाजारातून आलेल्या कार्ट्रिजावरील मळके लेबल काढून तेथे अमेरिकी नावाचे चकचकीत लेबल लावणारा मनुष्य खेळाबद्दल असत्य बोलत नाही, कारण खेळ तोच आहे. परंतु त्या विशिष्ट वस्तूचा इतिहास तो पुसून टाकतो, आणि पुसलेले परत मिळवावयास दुसरे साधन शिल्लक ठेवीत नाही.

बदली लेबले सगळी एका जातीची नसतात. काही बदल वस्तूच्या व्यावसायिक आयुष्यातच झालेले असतात. लेबल सुटून पडले म्हणून दुकानदाराने साधी कागदी पट्टी चिकटविली व पेनाने नाव लिहिले. असे लेबल ‘मूळ नव्हे’ म्हणून हिणविण्यात अर्थ नाही. ते त्या कार्ट्रिजाच्या वापराचे अस्सल साधन आहे, आणि माझ्या मते कोऱ्या करकरीत पुनर्मुद्रणापेक्षा अधिक मोलाचे आहे. दुसरा प्रकार संग्राहकाने शोभेसाठी लावलेल्या पुनर्मुद्रित लेबलांचा. यात कपट असतेच असे नाही. घरच्या फळीवर सगळी कार्ट्रिजे एकसारखी दिसावीत ही इच्छा मानवी आहे. परंतु कार्ट्रिज एकदा हातून सुटले, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेले, की पहिल्याचा निष्पाप हेतू त्याच्याबरोबर जात नाही. तिसरा प्रकार उघड फसवणुकीचा.

फसवणुकीचे अर्थकारण थोडक्यात असे आहे. घरगुती ए.ई.एस. कार्ट्रिज व आर्केडचे एम.व्ही.एस. कार्ट्रिज यांतील खेळाचा मजकूर एकच असतो. फरक बोर्डाच्या रचनेचा व जोडणीचा. परंतु घरगुती कार्ट्रिजे महाग होती व थोडी खपली. त्यामुळे अनेक खेळांच्या बाबतीत आज आर्केड कार्ट्रिज तुलनेने स्वस्त आणि घरगुती कार्ट्रिज अतिशय महाग असा विषम बाजार आहे. ‘मेटल स्लग’चे उदाहरण सर्वांस परिचित आहे. मग आर्केड कार्ट्रिजातील चिपा उखडून त्या एखाद्या सामान्य घरगुती खेळाच्या बोर्डावर बसवावयाच्या, बाहेरून पुनर्मुद्रित लेबल लावावयाचे आणि वस्तू तयार करावयाची, हा मार्ग मोकळा होतो. येथे चिपा अस्सल, बोर्ड अस्सल, कवच अस्सल, खेळही तोच. खोटे आहे ते केवळ लेबल, आणि लेबलामुळे त्या सर्वांचा एकमेकांशी जोडला गेलेला संबंध. प्रामाणिक कारागीर अशा वस्तूस ‘रूपांतरित’ म्हणूनच विकतात, हेही नमूद केले पाहिजे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. एस.एन.के.च्या उतरत्या काळात नकली एम.व्ही.एस. कार्ट्रिजे मोठ्या प्रमाणावर निघाली. त्यांतील काही केवळ नकला नव्हत्या. मूळ खेळात फेरफार करून त्यांस नवी नावेही दिलेली होती. ‘द किंग ऑफ फायटर्स २००१’ वरून बेतलेला ‘क्राउचिंग टायगर हिडन ड्रॅगन २००३’ हा त्यांपैकी एक. अशा कार्ट्रिजावर नकली कारखानदाराने जे लेबल लावले ते त्या वस्तूचे मूळ लेबल नव्हे काय? निःसंशय आहे. ते वस्तूच्या जन्मापासून तिच्या अंगावर आहे. म्हणजे अनधिकृत वस्तूवरही मूळ लेबल असू शकते, आणि अधिकृत वस्तूवर बदली. यावरून स्पष्ट होते की ‘मूळ’ हा गुण कागदात वा छपाईत नसून लेबल व वस्तू यांच्यातील नात्यात आहे. एका मोडक्या कार्ट्रिजावरून सोलून काढलेले कारखान्याचे अस्सल लेबल दुसऱ्यावर लावले, तर त्या दुसऱ्याच्या दृष्टीने ते बदलीच होय.

आता परीक्षणाविषयी. दहापट भिंग व चांगला प्रकाश एवढ्या सामग्रीवर बरेच काही कळते. त्या काळची कारखानी रंगीत लेबले सामान्यतः ऑफसेट पद्धतीने छापलेली असतात. तीत चार शाईंचे बिंदू ठराविक कोनांत मांडलेले असून भिंगाखाली सूक्ष्म पुष्पाकृती दिसतात. घरगुती शाईफवारा मुद्रणयंत्राचे बिंदू विखुरलेले व अनियमित असतात. लेझर यंत्राची भुकटी कागदावर बसल्यासारखी दिसते आणि तिरप्या प्रकाशात तिची चकाकी उठून येते. परंतु सर्वांत विश्वसनीय खूण बारीक काळ्या अक्षरांत असते. मूळ छपाईत ही अक्षरे केवळ काळ्या शाईची, सलग व धारदार काठांची असतात. पुनर्मुद्रण हे बहुधा मूळ लेबलाच्या छायाप्रतीवरून केलेले असते. त्यामुळे अक्षरे रंगीत बिंदूंची बनतात, काठ मऊ होतात, आणि मूळच्या पुष्पाकृतींवर नव्या बिंदूंची जाळी पडून लाटांसारखी नक्षी उमटते. कोणी परिश्रमपूर्वक सर्व अक्षरे नव्याने जुळविली असतील तर ही खूण चुकते. पण मग अक्षरवळण व अंतरे यांत फरक पडतो, आणि खात्रीच्या मूळ नमुन्याशेजारी ठेवताच तो दिसतो. कडा यंत्राने कापलेल्या की पात्याने, कोपऱ्यांची गोलाई चारी बाजूंस सारखी आहे की नाही, लेबलाभोवती जुन्या डिंकाचा पुसट चौकोन आहे काय, याही गोष्टी पाहाव्यात. अतिनील प्रकाशाचा पुष्कळ उदो उदो होतो, परंतु त्यावर फार विसंबू नये. कागदास शुभ्रता आणणारी द्रव्ये १९९० च्या कितीतरी आधीपासून वापरात होती, तेव्हा निळसर चकाकी एवढ्यावरून लेबल नवे ठरत नाही.

बोर्डाचे परीक्षण करतानाही हीच सावधगिरी हवी. डाख पुन्हा लावल्याच्या खुणा, जागेवरून हललेल्या चिपा, हाताने ओढलेल्या तारा या शंकास्पद आहेत खऱ्या. पण पुसून पुन्हा लिहिता येणारी खिडकीची चिप दिसली म्हणजे कार्ट्रिज बनावट, असा जो समज आहे तो टिकत नाही. काही अधिकृत कार्ट्रिजांतही आज्ञावलीसाठी अशा चिपा वापरल्या गेल्या आहेत.

कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सी.पी.एस.-२ पद्धतीशी तुलना केल्यास लेबलाचे वजन पद्धतीपरत्वे कसे बदलते ते दिसते. तेथे देशाची खूण आज्ञावलीत असते, आणि कवचाच्या रंगातही असते. जपानचे हिरवे, अमेरिका व युरोपचे निळे, आशियातील अन्य देशांचे करडे, लॅटिन अमेरिकेचे नारिंगी, भाड्याने द्यावयाचे पिवळे. साक्षीदार तीन असल्यामुळे एक खोटा पडला तरी विसंगती उघडकीस येते. हिरव्या कवचावर निळ्या प्रदेशाचे लेबल असेल तर काही तरी हलले आहे हे लगेच कळते. मात्र या पद्धतीत गुप्तसंकेत जपणारा विद्युत्घट आत असतो आणि तो संपला की खेळ बंद पडतो. त्यामुळे वस्तू जिवंत ठेवावयाची तर कवच उघडणे भागच होते. येथे तुटलेले सील हे लबाडीचे लक्षण नसून देखभालीचे असू शकते. निओ-जिओच्या संग्राहकाची दृष्टी तशीच्या तशी येथे लावली तर जपणुकीलाच दोष दिल्यासारखे होईल.

मग बदली लेबल लावावयाचेच नाही काय? असा कडक नियम मला मान्य नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत जे तत्त्व घालून दिले ते येथेही उपयोगी आहे. नव्याने भरलेला भाग एकंदर रूपाशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा. लेबलाच्या बाबतीत हे करणे वास्तूपेक्षा कितीतरी सोपे आहे. पुनर्मुद्रित लेबलाच्या एका कोपऱ्यात छपाईचे वर्ष घातले की काम भागते. काही पुनर्मुद्रक अशी खूण घालण्यास नाखूष असतात. शोभा जाते, असे ते म्हणतात. शोभेचे हे कारण कितपत खरे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडील ताम्रपटांच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. हर्षवर्धनाच्या मधुबन ताम्रपटात, वामरथ्य नावाच्या ब्राह्मणाने सोमकुंडका हे गाव कूटशासनाच्या आधारे उपभोगले होते म्हणून ते शासन मोडून गाव दुसऱ्यांस दिल्याचा उल्लेख आहे. राजाने बनावट पत्रा मोडला हे न्यायास धरूनच झाले. परंतु आज संशोधकास तो मोडलेला पत्राही हवासा वाटेल, कारण बनावट लेख कसा घडविला जाई हे त्यानेच सांगितले असते. बदली लेबलाबाबतही हेच. ते बदली आहे असे सिद्ध झाल्यावर खरवडून टाकण्याची घाई करू नये. कोणी, केव्हा, कोणत्या पद्धतीने ते छापले हाही पुढे अभ्यासाचा विषय होणार आहे.

नोंदणी करणाऱ्याने ‘मूळ’ आणि ‘बदली’ एवढे दोनच रकाने ठेवल्यास वरील बहुतेक माहिती गळून जाते. त्याऐवजी खेळाची ओळख कशावरून केली, बाजारपेठ कशावरून ठरविली, आणि लेबल लावण्याचा काल कोणता, या तीन गोष्टी पृथक् लिहाव्यात. समजा, एखाद्या कार्ट्रिजाची नोंद अशी केली : ‘खेळ, चिपांवरील क्रमांक २०१ वरून निश्चित, बोर्डावर फेरडाखाच्या खुणा नाहीत, लेबल शाईफवारा छपाईचे, त्याखाली जुन्या डिंकाचा चौकोन, बाजारपेठ अनिश्चित.’ ही नोंद विक्रेत्याला आवडणार नाही, परंतु पुढील अभ्यासकाला तीवर काम करता येईल. आणि ज्याच्याजवळ अद्याप जुने, अर्धे फाटलेले, कोणा अपरिचित दुकानदाराच्या हस्ताक्षरातील तारीख धारण करणारे लेबल आहे, त्याने नवे लावण्याचा मोह अनावरच झाला तर एवढे करावे. जुन्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, ते सौम्य उष्णतेने सावकाश सोडवावे, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घालावे, आणि ते पाकीट त्याच कार्ट्रिजाबरोबर ठेवावे.